शार्लटची खोली

बी.ए.ला इंग्रजी घेतलं, तेही मराठी शाळेतून येऊन! जेन ऑस्टिनची १८१३ सालची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ नेमलेली. गाइडात शार्लट एका शब्दात निकालात काढलेली : व्यवहारी. मला ते पटेना. २७ वर्षांची, हाती पैसा नाही, बहीण बिनलग्नाची राहील म्हणून भाऊ धास्तावलेले. तिनं त्या कंटाळवाण्या कॉलिन्सला होकार दिला, यात काय चुकलं, सांगा बरं! तसंच लिहून दिलं. बाईंनी समासात विचारलं, ‘पुस्तकात कुठे?’ मग शब्दकोश मिटून कादंबरी पुन्हा वाचली. लग्नानंतर शार्लट रोज बसायला मागची खोली निवडते. पुढे बसली असती तर नवरा सारखा तिथंच! म्हणजे बाईला सगळं कळत होतं. उत्तर दोन पानं वाढलं. हल्ली मी अर्धवेळ शिकवते. मुली गाइड उघडतात, मी खोली विचारते.