सपरीचं अर्धं दार

मूल, जि. चंद्रपूर
श्रावण

चि. सोनूस,


तुझ्या स्टुटगार्टच्या घराचा फोटो पाहिला. स्वयंपाकघराच्या तोंडाशी पांढरं फाटक, एका बाजूला रांगणारं बाळ, दुसऱ्या बाजूला तुमचं ते तपकिरी कुत्रं. खाली तू विचारलंस, ‘मोठी आई, मूलच्या घरी सपरीला असंच अर्धं दार आहे ना? ते कोणाच्या डोक्यातून निघालं?’ हे फोनवर सांगून होण्यासारखं नाही. धानाची रोवणी आटोपत आली आहे, दुपारी थोडी उसंत मिळते, म्हणून सविस्तर लिहिते.

ते दार तुझ्या बाबांपायी झालं. मी तेव्हा या घरात आले नव्हते. मला हे सासूबाईंनी, म्हणजे तुझ्या आजीनं सांगितलं, आणि रोवणी लागली की दरवर्षी सांगितलं. साठच्या दशकातली गोष्ट. घर कुडाच्या भिंतींचं, वर कवेलू, पुढे ओसरीसारखी सपरी, आणि अंगणात ढोरांना पाणी पाजायचं टाकं. आपल्या झाडीपट्टीत रोवणीच्या दिवसांत घरात बाई राहत नाही. बांधीत चिखल झाला की पऱ्हे लावून मोकळं व्हावं लागतं. रांगतं लेकरू पणजीपाशी सोडून आजी बांधीत जायची. पणजीला दिसत नव्हतं फारसं. एका दुपारी तिला डुलकी लागली आणि तुझे बाबा सपरी उतरून थेट टाक्यापाशी पोचले. काठ धरून उभे राहिले होते. शेजारी शेळीचं पिल्लू तोंड घालून पाणी पीत होतं, त्याचं पाहून हेही वाकले होते. शेजारीण धावली म्हणून निभावलं.

आजीनं पणजीला एका शब्दानं बोल लावला नाही. लेकराला मारलंही नाही. तिचं म्हणणं असं की म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागणारच, रांगतं लेकरू रांगणारच, आणि शेळी पाण्यावर येणारच. यातलं काहीच बदलत नाही, तर मग घर बदला. मला आजवर घर-संसाराबद्दल यापेक्षा शहाणं काही कोणी सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं सुताराला बोलावणं धाडलं आणि मजुरी धानात ठरवली.

सुतार आडव्या पट्ट्या ठोकायला निघाला होता. आजीनं थांबवलं. आडव्या पट्टीवर पाय देऊन लेकरू वर चढतं, उभ्या पट्टीवर चढता येत नाही. दोन पट्ट्यांतली फट तीन बोटांची: लेकराचा हात बाहेर जातो, डोकं जात नाही. उंची मोठ्या माणसाच्या कमरेएवढी. कडी बाहेरच्या अंगाला, अगदी वरच्या फळीला. आपण वरून हात टाकला की निघते, लेकराला दिसतही नाही. खाली वीतभर अखंड फळी, कोंबडीची पिल्लं आत शिरू नयेत म्हणून. वरून वारा आणि उजेड येतो, पणजीला अंगणात काय चाललंय ते कळतं. एवढं सगळं एका न शिकलेल्या बाईनं उभ्या उभ्या सांगून करवून घेतलं.

पुढच्या वेळी येशील तेव्हा डावीकडच्या पट्ट्या खाली बसून बघ. लेकराच्या तोंडाच्या उंचीला लाकूड कुरतडलेलं आहे. काही खुणा बारीक, त्या तुम्हा पोरांच्या. काही खोल आणि टोकदार, त्या कुत्र्याच्या पिल्लांच्या. दात येताना सगळ्यांना तीच जागा आवडायची. म्हणूनच त्या दाराला मी कधी रंग लावू दिला नाही, जवसाचं तेल तेवढं पुसते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७च्या नोव्हेंबरपासून. तुम्ही तिथे जुनं लाकडी सामान घ्याल, पाळणा किंवा खुर्ची, तर त्याचा रंग आधी तपासून घे.

मी लग्न होऊन आले, उपकेंद्रात नर्स म्हणून लागले, माझी पोरं त्या दारामागे वाढली. तोवर दार पुरत होतं. मग एका हिवाळ्यात बिबट आला.

आपलं मूल ताडोबा-अंधारीच्या कुशीत आहे. १९९५ साली तो व्याघ्र प्रकल्प झाला, आणि पुढे त्याच्या बफरमध्ये मूलचं वनपरिक्षेत्रही आलं. वाघ माणसाच्या वस्तीपासून शक्यतो लांब राहतो, बिबट तसा नाही. तो गावाच्या कडेला, उसात, झुडपात, नाल्यात राहून घेतो आणि कुत्र्यांवर जगतो. विद्या अत्रेय यांनी नगरच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं शोधलं होतं. त्यांच्या खाण्यात ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे बिबट अंगणात येतो तो बहुतेक वेळा आपल्या जनावरांसाठी, त्यातही कुत्र्यासाठी. आमचं काळं कुत्रं सपरीत साखळीला बांधलेलं असायचं. रात्री बिबट्यानं कमरेएवढं दार एका उडीत पार केलं. बांधलेल्या जनावराला पळताही येत नाही. सकाळी फक्त साखळी होती. पोरं आतल्या खोलीत निजलेली, म्हणून त्या रात्री तेवढ्यावर गेलं.

मोठे बाबा म्हणाले, सपरीला भिंत घालून टाकू. मी नाही म्हटलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७वर जातो. सपरी बंद केली की घराची भट्टी होते आणि माणसं बाज घेऊन अंगणात निजायला जातात, म्हणजे बिबट्याच्या वाटेवरच. मग अर्ध्या दाराच्या वरून छतापर्यंत जाड तारेची वेल्डेड जाळी बसवली, लोखंडी चौकटीत, बिजागऱ्यांसकट. दिवसा ती वरची झडप उघडी, दिवेलागणीला बंद. कुत्रं त्या दिवसापासून रात्री आत, मोकळं. शेळ्यांच्या कोठ्यालाही नुसतं कुंपण नको, वरूनही जाळी हवी. कोंबडी कापली की पिसं आणि आतडी अंगणाबाहेर फेकायची नाहीत, खोल पुरायची, कारण त्या वासावर गावभरची मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो. घराभोवतीची रायमुनियाची झुडपं दर पावसाळ्यानंतर मुळापासून काढायची. अंधार पडायला लागला की लेकरू एकटं अंगणात नाही, आणि खाली बसून भांडी घासणारी बाईही एकटी नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला जनावराएवढंच दिसतं.

जाळीमुळे कूलरचीही सोय झाली. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून लेकरं दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचं अंग, ओली फरशी, उघडे पाय. कुत्रंही गारव्याला त्याच्याच पायाशी जाऊन निजतं. आमचा कूलर आता जाळीच्या बाहेर स्टँडवर आहे, फक्त वारा आत येतो. घराला चांगलं अर्थिंग आहे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे, आणि पाणी भरायच्या आधी पिन काढायचीच, मग कितीही घाई असो.

आता सापाचं सांगते, कारण इथे मला नर्स म्हणून खूप काही बघावं लागलं. पावसाळ्यात पहाटे आई लेकराला घेऊन यायची: रात्री चांगलं निजलं होतं, आता पोट दुखतंय म्हणतं, पापण्या उघडत नाहीत, घास गिळत नाही. अंगावर खूण शोधून सापडत नसे. ही मण्यार. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्याला चावते, आणि तिचा दंश बहुतेकदा कळतसुद्धा नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यात पाव भागाहून जास्त १५ वर्षांखालची मुलं. त्यावर औषध आहे. आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्ये नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं प्रतिविष बनतं, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. पण दंश झालाय हेच कळलं नाही तर लेकरू दवाखान्यात पोचतं उशिरा. म्हणून पावसाळ्यात लेकरू पहाटे पोट धरून उठलं, डोळे जड दिसले, की घरात ओवा-हिंग करत बसायचं नाही, गाडी काढायची.

आणि घरातला उपाय म्हणजे मच्छरदाणी. तुला आठवत असेल, इथे मे महिन्यातल्या उकाड्यातही मी तुम्हा पोरांना मच्छरदाणीत घालायची आणि कडा गादीखाली खोचून टाकायची, तू रडायचीस. गडचिरोली-चंद्रपूरकडे मलेरियासाठी मच्छरदाण्या आल्या, पण तीच खोचलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते. नेपाळच्या तराईतल्या एका अभ्यासात हे तपासून २००७ साली छापलंय. नुसती लोंबती मच्छरदाणी काही कामाची नाही, ती खोचलेलीच हवी. बाजेचे पाय विटांवर, बाज भिंतीपासून हातभर दूर, गोधडीचा पदर जमिनीला टेकू द्यायचा नाही. दाराखालच्या फळीला आम्ही रबराची पट्टी लावली, जोत्याच्या फटी सिमेंटनं भरल्या. धान पोत्यांतून काढून पत्र्याच्या कोठीत ठेवलं, कारण उंदीर आला की त्याच्यामागे साप येतो. उंदीर मारायच्या गोळ्या मात्र घरात आणू दिल्या नाहीत. कणकेत कालवलेलं ते विष लेकरू आणि कुत्रं दोघांनाही खाऊच वाटतं. मांजर पाळलं, तेवढ्यावर भागतं.

कपाटातल्या डांबर गोळ्याही बंद केल्या. आपल्या भागात सिकलसेलसारखाच जी-सिक्स-पीडी या घटकाच्या कमतरतेचा दोष बऱ्याच घराण्यांत असतो, आणि अशा तान्ह्या बाळाला त्या गोळ्यांच्या कपड्यांत गुंडाळलं तरी रक्तातल्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. चादरी-ब्लँकेटात वाळलेला कडुनिंबाचा पाला घाल, किंवा नुसतं कडक ऊन दे. घासलेट, फवारणीचं औषध, फिनाईल हे पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवायचं नाही; आमच्याकडे कुलूप लावलेल्या संदुकीत असतं. लेकरानं चुकून घासलेट प्यायलं तर ओकारी काढायची नाही, ते फुप्फुसात उतरतं. तसंच दवाखान्यात न्यायचं.

तुझ्या घरी मण्यार नाही, बिबट नाही. पिसाळणारं कुत्रंही नाही; जर्मनी २००८पासून रेबीजपासून मुक्त आहे. पण फोटोत मला एक गोष्ट खटकली. कुत्र्याची वाटी फाटकाच्या आत, बाळाच्या बाजूला दिसते. ती आजच पलीकडे ने. कुत्रं कितीही गुणी असो, खाताना त्याच्या तोंडाशी रांगतं बाळ नको. बाळाचा चेहरा आणि कुत्र्याचं तोंड एकाच उंचीला असतात, चावा बसला तर तोंडावरच बसतो. हे दार जितकं बाळासाठी तितकंच कुत्र्यासाठी आहे. बाळ शेपूट ओढायला लागलं की कुत्र्याला निघून जायला एक जागा हवी, जिथे बाळ पोचत नाही. आमच्याकडे ती जागा म्हणजे अंगण होतं, तुमच्याकडे स्वयंपाकघर असेल. आणि दोघांना एका खोलीत एकटं ठेवून अंघोळीला जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

बाळाच्या हातून सांडलेला खाऊ कुत्रं खाणारच. म्हणून मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा बाळाच्या ताटाबाहेर सांडू देऊ नको, ही सगळी कुत्र्याला विषारी आहेत. मी लाडू पाठवले आहेत त्यात मनुका आहेत, ते उंचावर ठेव. रिमोटच्या गोल बटन-बॅटऱ्यांचं झाकण स्क्रूनं आवळून घे. ती बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत आतून जाळते. जिन्याच्या वरच्या तोंडाला नुसतं दाबून बसवायचं फाटक लावू नको, भिंतीत स्क्रू मारलेलंच लाव. त्यावर बाळ अंग टाकतं आणि ते निखळतं.

दिवाळीला तुम्ही येणार असं दादा म्हणाला. येण्याआधी तिथल्या डॉक्टरांना विचार, बाळाला मलेरियाचं काय द्यायचं आणि कुत्रं चावण्याआधीची लस आमच्या भागासाठी द्यायची का. इथे कुणालाही कुत्र्यानं चावा घेतला किंवा नुसतं नखानं ओरखडलं तरी आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं, हळद-मिरची-चुना काहीही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. जगात संशयित पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालच्या मुलांना होतात, आणि मुलं घरी सांगत नाहीत. म्हणून इथे असताना रोज संध्याकाळी बाळाचे हातपाय धुताना नीट बघत जा.

बाळासाठी छोटी बाज विणायला टाकली आहे, मच्छरदाणी तिच्या मापाची शिवून घेईन. तुमची तारीख ठरली की लगेच कळव, म्हणजे आपल्या कुत्र्याचं यंदाचं रेबीजचं इंजेक्शन आणि जंताची गोळी त्याच्या महिनाभर आधी करून घेते.

तुझी
मोठी आई