मुरगूडची जमीन आणि घोड्यांची पागा

कोल्हापूरच्या दक्षिणेस, कागल तालुक्यांत, वेदगंगेच्या खोऱ्यांत मुरगूड हें गांव आहे. भोंवतालीं उसाचे मळे, जवळच सर पिराजीराव तलाव. कागलकर पिराजीराव घाटगे हे शाहू महाराजांचे धाकटे बंधु. महाराजांचा घोड्यांचा षोक तर सर्वश्रुतच आहे. अशा मुलखांत जमीन घेऊन घोडीं पाळावीं, असा मनोदय आमच्या पुतण्यानें बोलून दाखविला. पैका घरच्या सामाईक पुंजींतून जावयाचा, म्हणून आम्हीहि जमीन पाहण्यास गेलों.

दोन तुकडे पाहण्यांत आले. एक नदीकांठचा, काळा व हिरवागार; दुसरा चढावरचा मुरमाड माळ. तरुणाचें मन अर्थातच पहिल्यावर बसलें. परंतु येथें सह्याद्रीचा पाऊस चार महिने असतो. काळ्या चिखलांत उभ्या राहणाऱ्या घोड्याचे खूर कुजतात, व दमट जागीं कडबा बुरसून पोटशूळाचें निमित्त होतो. माळावर पाणी ठरत नाहीं. घोड्यास दिवसाकाठीं ३० ते ४० लिटर पाणी लागतें, तें पंपानें वर चढवितां येतें. चिखल मात्र खालीं उतरवितां येत नाहीं. भीमथडी घोडीं काटक खरीं, पण तीं भीमेच्या कोरड्या खोऱ्यांतलीं, हें विसरूं नये.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहसा परवानगीवांचून घेतां येत नाहीं. ज्या घराण्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या व नांवावर गुंठाहि उरला नाहीं, त्यांनीं प्रथम हेंच पाहावें. ७/१२ वरील 'इतर हक्क' हा रकानाहि वाचावा, व विकणाऱ्याच्या सर्व भाऊबंदांची संमति घ्यावी.

तिसरी गोष्ट माणसाची. घोडवैद्यास पूर्वीं सालोत्री म्हणत. तो शब्द शालिहोत्र मुनींच्या नांवावरून आला. परंतु वैद्य येईपर्यंत घोड्याजवळ जाणतें माणूस हवें. शेत अर्धेलीनें लावितां येतें. घोडें तसें लावितां येत नाहीं. मालकानें तेथें राहिलेंच पाहिजे.

म्हणून पुतण्यास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, इसार देण्यापूर्वीं एक आषाढ त्या माळावर काढ. पावसांतहि हौस टिकली, तर घरांतील कोणीहि आडवें येणार नाहीं.