वाशिष्ठीच्या पात्रात एक दिवस

मे महिन्यात आमच्या मंगरूळपीरला पाणी हाच घरोघरचा पहिला विषय असतो. नळ कधी येणार, कोणाच्या बोअरला किती पाणी उरले, या बोलण्यातच सकाळ होते. अशा दिवसांत आम्ही अम्मी आणि दोन्ही मुलांना घेऊन अकोल्याहून रेल्वेने कल्याण, पनवेल करत चिपळूण गाठले. बी.एड.च्या वेळचा आमचा एक सोबती तिथे उर्दू शाळेत शिकवतो. ‘एकदा वाशिष्ठी बघून जा,’ असे तो कित्येक वर्षे म्हणत होता.

गोवळकोटच्या धक्क्यावर होडी तयार होती. सलाम-दुआ झाली. गावाचे नाव ऐकून होडीवाल्या चाचांनी विचारले, “मंगरूळचे पीर कोणते?” अम्मीने हजरत दादा हयात कलंदरांचे नाव सांगितले आणि दोघांची ओळख तिथेच पक्की झाली.

निघायची वेळ चाचांनी चांदाच्या तारखेवरून ठरवली होती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, आणि भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. ओहोटी लागली की चिखलाचे काठ उघडे पडतात, मगरी उन्हाला बाहेर येतात. तीच आपली वेळ. रमजान आणि ईदच्या संध्याकाळी तेवढा चांद शोधणारी आमची मुले ऐकतच राहिली. भूगोलाच्या तासाला आम्ही हेच फळ्यावर शिकवतो. त्यावर कोणाची होडी निघताना मात्र प्रथमच पाहिली.

नदी इथे सपाटीला आली आहे, त्यामुळे पाण्याला घाई नाही. दोन्ही काठांना कांदळवन. त्याची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली. श्वासासाठी ती हवेत डोकावतात. बगळे, खंड्या, वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार. एका वळणावर चाचांनी इंजिन बंद केले आणि वल्हे हाती घेतले. मुलाला वाटले, समोर ओंडका पडलाय. ओंडक्याने तोंड उघडले! मगर आ वासून पडते ती अंगातली उष्णता कमी करण्यासाठी, चिडून नव्हे, असे चाचांनी हलक्या आवाजात सांगितले. तरी धाकटीने आमचा हात सोडला नाही.

जोहरच्या वेळी होडी काठाला थोडी थांबली. एवढे पाणी पाहून अम्मी वुजूसाठी हात बुडवायला वाकली, तोच चाचा ओरडले, “अम्मा, हात आत!” त्यांनी कॅन पुढे केला. घरी अम्मी एका लोट्यात वुजू करते, इथेही तिने तेवढ्यातच केली. वाहत्या नदीवरही वुजूचे पाणी वाया घालवू नये, अशी हदीस आहे. आम्ही ती मुलांना कितीदा सांगितली असेल, पण मुले त्या दिवशी कॅनकडे टक लावून पाहत होती.

भर उन्हाळ्यात या नदीला पाणी कुठून येते, हे सोबत्याने सांगितले. कोयना खरे तर पूर्वेची. कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवतात, पोफळीला वीज तयार होते आणि ते पाणी वाशिष्ठीत येते. पुढे दाभोळजवळ समुद्र. आम्ही वऱ्हाडातली माणसे. वीज झाल्यावर समुद्राला जाणारे ते गोडे पाणी मनातून हलेना. सोबती मात्र पाण्याच्या कौतुकात आमच्याइतका रमला नाही. 22 जुलै 2021 रोजी हीच नदी चिपळूण शहरात शिरली, तेव्हा त्याची निम्मी पुस्तके चिखलात गेली.

दाभोळपर्यंत आम्हाला जाता आले नाही. आदिलशाहीच्या काळात तिथून हजची जहाजे सुटत. विजापूरची एक शहजादी हजला निघून दाभोळपर्यंत आली, समुद्रात चाच्यांचे भय म्हणून तिला पुढे जाता आले नाही आणि त्याच पैशांतून तिने किनाऱ्यावर मशीद बांधली, असे सांगतात. मशीद आजही उभी आहे. चाचांकडून हे ऐकताना अम्मी बराच वेळ खाडीच्या दिशेने पाहत राहिली. तिचा हजचा अर्ज दोनदा राहून गेला आहे.

परत धक्क्याला लागलो तेव्हा सकाळची पायरी पाण्याच्या बरीच वर राहिली होती. चाचांनी अम्मीला हात दिला. कॅनमध्ये अर्धे पाणी उरले होते. मुलगा ते नदीत ओतायला निघाला, तर अम्मीने त्याला थांबवले आणि कॅन रिक्षात ठेवायला लावला.