आप्पा, घूंघूं थांबली

पर्वत पाटिया, सुरत

ती. आप्पांस,


आखाजीला म्हणून गावी गेलात, त्याला महिना उलटला. आई म्हणते, शेताचं काम निघालं असेल. खरं कारण मला ठाऊक आहे. जायच्या आदल्या रात्री तुम्ही खाटेवर उठून बसला होतात आणि विचारलं होतंत, "हाई काय घुमी ऱ्हायनं रे रातभर?"

तेव्हा मला राग आला होता. उधन्याच्या लूमच्या खात्यात तीस वर्षं काढलेला, सुट्टीत सुताच्या पोत्यावर डोकं टेकून घोरणारा माणूस, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या आवाजानं त्याची झोप मोडते? शिवाय तुम्हाला नीट ऐकू येत नाही, हे तर घरात सगळे धरूनच चालतात.

नंतर कळलं, चूक माझी होती. शटल लूमच्या खात्यात 90 डेसिबलच्या वर आवाज नेहमीचाच. असा आवाज वर्षानुवर्षं सोसलेला कान आधी मार खातो तो 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे चिमण्यांची चिवचिव आणि बोलण्यातले स, श जिथं असतात तिथं. खालचे, खर्जातले आवाज बरेच दिवस शाबूत राहतात. माझी हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. तिची घूंघूं नेमकी त्या खर्जात. नातीची हाक तुम्हाला ऐकू येत नव्हती आणि डिस्क येत होती, यात नाटक काहीच नव्हतं.

आणि ती सलग घूंघूं नव्हती, घूं... घूं... अशी चढत-उतरत यायची. साड्यांच्या डिजिटल प्रिंटच्या फायली अवजड, म्हणून मी दोन डिस्क लावल्यात. दोघींचा वेग कागदावर सारखा, प्रत्यक्षात किंचित पुढंमागं. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळता जुळता राहिल्या की जशी लाट उठते, तशी ही लाट. एकसुरी आवाजाला माणूस सरावतो. हिला कसा सरावणार?

एका दुपारी मशीन बंद करून एक डिस्क बाहेर काढली, लांब वायरवर जोडली, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवली आणि चालू केली. आवाज जवळजवळ नाहीच! तुमच्या एकतारीची गंमत आठवली. नुसती तार छेडली तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही, भोपळा लागतो. डिस्क ही तार. तिची थरथर चार स्क्रूंतून कॅबिनेटच्या पातळ पत्र्यात उतरते, तिथून टेबलात, आणि टेबल तुमच्या खाटेला चिकटलेलं. भोपळा आपणच बांधून दिला होता.

म्हणून आता डिस्क टांगल्या आहेत. हसू नका. सीडी ड्राइव्हच्या दोन्ही जागा रिकाम्याच होत्या, त्या डिस्कपेक्षा रुंद असतात. तिथं पायजम्याचं जाड इलॅस्टिक ताणून बांधलं आणि त्याच्या वेढ्यांत डिस्क अडकवली, पत्र्याला कुठंही न टेकता. कापडाच्या या शहरात इलॅस्टिकला काय तोटा! पहिल्यांदा एकेरीच बांधलं होतं. डिस्क सहा-सातशे ग्रॅमची. गरमीनं इलॅस्टिक लोंबलं, डिस्क पत्र्याला टेकली आणि चौथ्या दिवशी घूंघूं परत. आता दुहेरी आहे, आणि महिन्याला एकदा बोटानं चाचपून बघत जाईन.

मी फोममध्ये गुंडाळूनच टाकणार होतो, पण डिस्क तापते. बहुतेकींची मर्यादा 60 अंश, आणि आपल्या खोलीत पंख्याखालीच जिवाची काहिली होते. शिवाय झाकणावरचं श्वासाचं बारीक भोक बुजायला नको. म्हणून टांगणीसमोर हळू फिरणारा पंखा ठेवलाय. आतली वाचणारी सुई हलते तेव्हाची अधूनमधूनची कट्कट् मात्र राहिली आहे. जुन्या डिस्कांत ही सुई हळू चालवायची सोय असे, माझ्या डिस्कांत ती नाही. मग जुनी डिझाइन्स ठेवलेली डिस्क वीस मिनिटं काम नसलं की आपोआप थांबेल असं केलं, आणि रोजचं काम एसएसडीवर नेलं. तिच्यात फिरणारं काहीच नाही. सगळंच तिच्यावर न्यावं, पण तेवढ्या मोठ्या एसएसडीचे पैसे दिवाळीनंतर.

एक गंमत. 2008 साली सन मायक्रोसिस्टम्समधल्या ब्रेंडन ग्रेग नावाच्या इंजिनिअरनं चालू डिस्कच्या रांगेसमोर तोंड नेऊन बोंब ठोकली. पडद्यावरच्या आलेखात त्या क्षणी डिस्कचं उत्तर रेंगाळलेलं दिसलं, कारण बाहेरचा हादराही आतल्या सुईला तिच्या रेघेवरून हलवतो. तेव्हा लूमवर लागलेल्या सवयीनं तुम्ही मोठ्यानं बोलता, ते जरा टेबलापासून दूर. डिस्क तुमच्यापेक्षा हळव्या आहेत.

खाट मी खिडकीकडे सरकवली आहे. काल रात्री तिच्यावर स्वतः झोपून पाहिलं. बाहेर कॅनॉल रोडवरचे ट्रक ऐकू आले, त्यावर माझ्याकडे इलाज नाही. आई म्हणते, आता फ्रिज ऐकू येतो. त्याच्या पायांखाली रबर घालतो आहे.

येताना कळण्याचं पीठ आणा, इथल्या चक्कीवर तसं मिळत नाही. आणि एकतारी गावीच ठेवून येऊ नका.

तुमचा,
मोठा