ए वॉर्डातल्या पिढ्या

कोल्हापुरात संध्यामठाच्या बाजूने रंकाळा तलाव मागे टाकून शहराकडे वळलं की शिवाजी पेठ सुरू होते. पत्ता विचारावा तर घर नंबर कोणी सांगत नाही. वेताळ तालमीचा बोळ, खंडोबा तालमीची मागची बाजू, उभा मारुती, निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा, या इथल्या खुणा. कागदावर मात्र हा सगळा भाग ‘ए वॉर्ड’. पेठेला ही दोन्ही नावं सारखीच अंगवळणी पडली आहेत.

मी इथे आलो तो एका अमेरिकन घराच्या निमित्ताने. व्हरमाँटमधल्या ब्रिडपोर्ट गावी १८१६ साली जन्मलेले रॉयल गूल्ड वायल्डर मिशनरी म्हणून आधी अहमदनगरला आले आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात. त्यांनी इथे शाळा काढल्या. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात उभं आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच जन्मला, २ ऑगस्ट १८६३ रोजी. पुढे तो प्रिन्स्टनला शिकला आणि अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा पुढारी झाला. त्याची जन्मतारीख कुठल्याही चरित्रकोशात मिळते.

मग प्रश्न पडला, त्याच १८६३ साली शिवाजी पेठेत जन्मलेल्या एखाद्या कुणब्याच्या पोराची तारीख कुठे मिळेल?

अमेरिकेत घराण्याचा माग काढणं हा हजारोंचा छंद आहे आणि त्यामागे कागदांची मोठी शिदोरी आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४० मध्येच जमिनीच्या खरेदीखतांची नोंद ठेवण्याचा कायदा केला. बॉस्टनमध्ये वंशावळी जमवणारी संस्था १८४५ पासून आहे. जहाजाची यादी, चर्चची नोंदवही, मृत्युपत्र, खरेदीखत अशा पायऱ्या उतरत माणूस सतराव्या शतकातल्या पहिल्या वसाहतवाल्यापर्यंत पोहोचतो. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या पिढ्या मात्र या दप्तरात जवळपास नाहीत. नोंद ठेवणाऱ्याला जे हवं तेवढंच नोंदीत येतं. हा धडा घेऊन मी पेठेत शिरलो.

पेठेतलं पहिलं दप्तर तोंडी असतं. एका जुन्या घराच्या सोप्यात आबा बसले होते. घरी आता म्हशी नाहीत, पण गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध विकल्याच्या गोष्टी ताज्या. म्हणाले, “आमचा खापरपणजा पन्हाळ्यावरनं खाली आला म्हणत्यात. शिबंदीत हुता. कागद म्हणशील तर न्हाई. पण हेळव्याला ठावं हाय.”

हेळवी म्हणजे कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात बैल घेऊन फिरणारे वंशावळकार. काही वर्षांनी दारात येतात, पोथी उघडतात, मूळ पुरुषापासून पिढ्या वाचून दाखवतात, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं घालून घेतात. त्याबद्दल धान्य, कापड, भांडं, पैसा मिळतो. आबांच्या घरात शेवटचा हेळवी आला तेव्हा नातवाचं नाव घातलं, नातीचं राहिलं. सुनेने विचारलं तर आबा हसले आणि विषय बदलला.

दुसरं दप्तर तीर्थक्षेत्रात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे गाव आणि आडनावावरून लावलेल्या वह्या आहेत. कोण कुणाच्या अस्थी घेऊन आला, सोबत कोण होतं, हे तिथे लिहिलेलं असतं, पुष्कळदा यजमानाच्या सहीनिशी. सरकारी कागदात न सापडणारी आई किंवा बायको कधीकधी इथे नावानिशी भेटते.

आबांच्या ‘पन्हाळ्यावरनं’ या शब्दाला इतिहासाचा आधार आहे. १७१० मध्ये महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली, ती करवीरची गादी. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी गडावरून खाली कोल्हापुरात आली. दरबारामागे शिबंदी, कारागीर, शेतकरी आले आणि शहर वाढत गेलं. गडावरच्या शिबंदीला पगाराऐवजी वंशपरंपरेने जमिनी असत. १८४४ मध्ये त्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याचा निर्णय झाला आणि सामानगड, भुदरगड, पन्हाळा पेटले. तो गडकऱ्यांचा उठाव. दप्तर कुणाच्या हाती, या प्रश्नावर माणसांनी तलवार काढल्याचं याहून ठळक उदाहरण शोधायला लांब जायला नको. वायल्डर कोल्हापुरात उतरले ते यानंतर आठ वर्षांनी. तेव्हा संस्थानाच्या कारभारावर इंग्रज अधिकाऱ्याची नजर होती आणि कागदांचे नवे ढीग तयार होत होते.

ते आणि त्याआधीचे ढीग म्हणजे तिसरं, सरकारी दप्तर. ते आज कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. लाल कापडात बांधलेले रुमाल, आत मोडीतले कागद. इथे नुसती लिपी येऊन भागत नाही. तारीखही उलगडावी लागते. ‘सन इसन्ने सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार: झाले ११७२. ही शुहूर सनाची गणती, म्हणून त्यात ५९९ मिळवायचे. मृगापासून सुरू होणारं ते वर्ष इंग्रजी १७७१-७२ ठरतं. फसली सन असेल तर ५९० मिळवायचे. एवढं केल्यावर कागद बोलायला लागतो, पण बोलतो तो देण्याघेण्याचं. अमक्याकडे इतके बिघे, सारा इतका, बाकी इतकी. खापरपणजा सापडतो तो बहुधा थकबाकीदार म्हणून, वतनावर भांडणारा भाऊ म्हणून, नाहीतर इनाम मिळालेला शिपाई म्हणून. ज्याने वेळेवर सारा भरला आणि कुणाशी भांडला नाही, तो दप्तरात हरवतो.

पुढची पायरी छत्रपती शाहू महाराजांची. १९१८ मध्ये त्यांनी संस्थानातली कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. गावाची नोंद पिढीजात एका घराकडे होती, ती नोकरीत असलेल्या माणसाकडे गेली. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, मग वतनं आणि इनामं संपवणारे कायदे आले, कूळकायदा आला. रंकाळ्यापलीकडे, फुलेवाडीच्या बाजूला पेठकऱ्यांची शेती होती. तिथल्या सातबाऱ्यावर आज कुणाचं नाव का आहे आणि कुणाचं का नाही, याचं उत्तर जुन्या फेरफारात मिळतं. घरापुरतं बोलायचं तर सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर ए वॉर्डातला नंबर, क्षेत्र आणि धारकांची नावं एकाखाली एक असतात. वरचं नाव कंसात टाकलेलं, खाली वारस. एका पानावर तीन पिढ्या.

गेल्या काही वर्षांत ही कार्यालयं एकदम गजबजली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, जुने पाहणीपत्रक, जे कधी कुणी उघडलं नव्हतं ते शोधलं जाऊ लागलं. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी मान आला. उभ्या मारुतीच्या कट्ट्यावर फुटबॉलच्या गप्पांत ‘नोंद सापडली काय?’ हा प्रश्नही ऐकू आला. गरजेपोटी का होईना, लोक पणजोबाच्या नावापाशी पोहोचले.

तरी १८६३ चं ते पोर मला तारखेसकट भेटलं नाही. त्याच्या बापाचं नाव जमिनीमुळे मिळेल, त्याचं हेळव्याच्या पोथीत, आईचं मिळालंच तर त्र्यंबकच्या वहीत. वायल्डरांच्या घरात पत्रं जपली गेली, पुस्तकं छापली गेली, म्हणून तो मुलगा एका ओळीत सापडतो. आपल्याकडे कागद कमी नाहीत. ते तीन ठिकाणी वाटले गेले आहेत आणि एकमेकांशी जोडून वाचायचं काम सरकार करणार नाही, ते घरच्यांनीच करायचं आहे.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं. माळ्यावर मोडी कागद असतील तर त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. आधी फोटो काढा आणि मग जाणकाराला दाखवा. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, घरातल्या एकाने तरी ते करावेत. जुने फेरफार आणि सातबारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं आहे. पण त्याआधीच्या आयांची नावं कोणताही आदेश परत आणणार नाही. ती आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक आहेत. ती विचारून, तारीख घालून, लिहून ठेवा.