जुन्या ताळेबंदावरचे कर्ज

सांगलीच्या आमराईतील दुसरी फेरी पूर्ण होत आली असताना माझ्या उजव्या पोटरीत मागून कोणी दगड मारावा तशी कळ आली. मी वळून पाहिले. मागे कोणीही नव्हते. पोटरीचा स्नायू फाटतो तेव्हा पुष्कळांना असाच भास होतो, हे नंतर डॉक्टरांकडून कळले. त्या वेळी मात्र लंगडत कसाबसा बाकापर्यंत पोहोचलो आणि बूट काढून बसून राहिलो. बूट घेऊन तीनच दिवस झाले होते. वय 63, उंची 5 फूट 6 इंच, वजन 92 किलो.

कॉमर्स कॉलेजात असताना मी 5,000 मीटर धावत असे. तेव्हाचे वजन 58 किलो. पुढे एम.कॉम. झाले, बँकेची परीक्षा झाली आणि 36 वर्षे खुर्ची, चहा व मार्चअखेरची जागरणे यांत गेली. वाढलेल्या 34 किलोंचा हिशेब केला तर वर्षाकाठी एक किलोही पडत नाही. म्हणूनच ते कधी नजरेत भरले नाही. विजार दोन वर्षांनी थोडी सैल शिवून घ्यायची, एवढाच काय तो बदल.

पुन्हा धावावे असे मनात आले ते दादांमुळे. माझे थोरले बंधू हळदीच्या पेढीवर गादीवर बसलेले असतानाच गेले. सौदा चालू होता, छातीत जड वाटते म्हणून लोडाला टेकले, ते उठले नाहीत. सकाळी नऊ ते रात्री आठ त्यांचे आयुष्य त्या गादीवर गेले. आपल्या समाजातील किती घरांत ही हकीकत थोड्याफार फरकाने घडली आहे, हे मी सांगायला नको.

पण भीतीने उठलेला माणूस घाई करतो. मी थेट कॉलेजातल्या वेगाने निघालो. बँकेत कर्जमंजुरीच्या खात्यात माझी सर्वांत जास्त वर्षे गेली. चाळीस वर्षांपूर्वीचा ताळेबंद दाखवून कोणी कर्ज मागितले असते तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते. येथे मात्र स्वतःच अर्जदार आणि स्वतःच मंजुरी देणारा. स्थळपाहणी नाही, तारण नाही. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार पडतो. म्हणजे माझ्या बाबतीत 230 किलो, तोही एका पायावर, मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा. चालताना हाच भार वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. हे गणित मला अवघड नव्हते. केले नव्हते, इतकेच.

डॉक्टरांनी पोटरी पाहण्याआधी रक्तदाब पाहिला : 152/94. मला त्याची कल्पनाच नव्हती. मग साखर, ई.सी.जी. आणि पोटरी बरी झाल्यावर ट्रेडमिल टेस्ट, असा क्रम त्यांनी लावला. टेस्ट ठीक आली. तरी त्यांनी बजावले, की हा आजन्म हमीचा कागद नव्हे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांपैकी काहीही झाले तर ‘एवढी फेरी पूर्ण करतो’ असे म्हणायचे नाही. तिथल्या तिथे थांबायचे आणि थेट दवाखाना गाठायचा.

रिक्षात सौभाग्यवती बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अहो, भाऊजी गेले तेव्हा जाऊबाईंना सांगायला मी गेले होते. मला सांगायला कोण येणार होतं?” पळायला जातो हे मी घरात सांगितलेच नव्हते. फिरायला जातो, असे सांगितले होते.

पोटरी बरी होईपर्यंत सहा आठवडे गेले, पुढचे सहा आठवडे केवळ चालण्यात. आधी 15 मिनिटे, मग 40. त्यानंतर मुलीने मोबाईलवर ‘काउच टू फाइव्ह के’ हा नवशिक्यांचा क्रम लावून दिला. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तो 1996 साली आखला. आठवड्यातून तीनच दिवस. पाच मिनिटे भरभर चालणे, मग 60 सेकंद धावणे आणि 90 सेकंद चालणे, असे आलटून पालटून 20 मिनिटे. मूळ क्रम 9 आठवड्यांचा आहे. मला 22 लागले. तिसरा आठवडा मी चार वेळा केला, कारण छाती तयार होती पण टाचेच्या वरची शीर कुरकुरत होती. हृदय आणि फुप्फुसे मेहनतीला लवकर सरावतात. शिरा, सांधे, हाडे यांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. दम आला म्हणजे अंग तयार झाले, हा समज वजनदार माणसाला सर्वांत महाग पडतो. धावताना शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा बोलला, तर पुढची खेप चालण्याची.

सांगायला सोपे. आमराईत सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक हात मागे बांधून चालतात. पहिले दोन महिने ते चालत माझ्या पुढे निघून जात आणि मी ‘धावत’ मागे राही. माझ्या शाखेतील एका जुन्या खातेदाराने तर थांबून विचारले, “साहेब, पायाला काही झालंय का?” त्या दिवशी वेग वाढवण्याचा मोह आवरणे मला रक्तदाबाच्या गोळीपेक्षा कडू गेले.

आपल्या घरांपुरती एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे, कारण ती मोबाईलवरच्या क्रमात नाही. मी चौविहार पाळतो. सूर्यास्तानंतर पाणी नाही, आणि पहाटे साडेपाचला धावायला निघालो तर शरीर 11 तास कोरडे असते. थंडीत निभावले. एप्रिलमध्ये एका सकाळी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि झाडाला धरून उभा राहिलो. या वेळी घरी येऊन सांगितले. तेव्हापासून मी नवकारशी पाळून, म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी, पाणी पिऊन आणि दोन खजूर खाऊन निघतो. ऊन थोडे लागते. म्हणून उन्हाळ्यात वेळ कमी केला. उपवासाच्या व पारण्याच्या दिवशी फक्त सावकाश चालणे, तेही प्रकृती मानवेल तरच. व्रत मोडावे असे मी म्हणत नाही. धावणे दुसऱ्या दिवसावर ढकलता येते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. साखर एकाएकी उतरली तर सावरायलाही अवधी मिळत नाही.

वजनाचे म्हणाल तर नऊ महिन्यांत 92 चे 85 झाले. श्रेय धावण्याला देण्याचा मोह होतो, पण जमाखर्च तसे सांगत नाही. 90 किलोचा माणूस 3 किलोमीटर धावला तर साधारण 270 कॅलरी खर्च होतात. भरपूर तूप घातलेली एक पुरणपोळी तेवढे परत देते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. उतरले ते बहुतेक ताटातून : दुपारचे भडंग, पेढीवर आलेल्या प्रत्येकाबरोबरचा साखरेचा चहा आणि दुसऱ्यांदा वाढलेला भात. धावण्याने दिली ती झोप, आणि रक्तदाबही उतरला. तो आता 130 च्या आसपास असतो. गोळी चालूच आहे, आणि डॉक्टर सांगेपर्यंत चालू राहील.

दादांचा मुलगा आता पेढी पाहतो. वय 38, वजन 112 किलो. गेल्या महिन्यात त्याने मित्रांच्या नादाने 10 किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातले, दोन महिन्यांनी होती. मी पेढीवर जाऊन बसलो. त्याने चहा मागवला, मी बिनसाखरेचा सांगितला. पोटरीची सगळी कथा सांगितली. तो हसला. म्हणाला, “काका, तुमचं वय वेगळं.” मी म्हटले, वय वेगळे आहे, पण गादी तीच आहे. तो हसायचा थांबला, पण बोलला काही नाही. दुकानात गिऱ्हाईक आले आणि मी उठलो.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. डॉक्टरांचे नाव हवे होते. तपासण्या झाल्या, साखर थोडी वर निघाली, शर्यतीचे नाव त्याने स्वतःच काढून घेतले. डॉक्टरांनी त्याला निदान दोन महिने केवळ चालायला सांगितले आहे. परवाच्या रविवारी तो प्रथमच आमराईत आला. माझे 60 सेकंदांचे धावणे सुरू झाले की तो भरभर चालत बरोबर राही, आणि त्यासाठी त्याला फार कष्ट पडत नव्हते, हे कबूल करतो. चौथ्या खेपेला मात्र त्याचा सदरा घामाने भिजला होता.

“काका, झालं का एक मिनिट?”

“अजून वीस सेकंद,” मी म्हणालो. पूर्ण वाक्य बोलता आले, म्हणजे वेग बरोबर होता.