वेरावळच्या बंदरावर

यंदा उन्हाळ्यात रजा प्रवास सवलत घेऊन आम्ही सहकुटुंब सौराष्ट्रात गेलो. वेरावळला उतरलेले बहुतेक प्रवासी सोमनाथकडे वळले. आम्ही बंदराची वाट धरली. परदेशी पाहुणे पैसे मोजून व्हेल शार्कबरोबर पोहतात, हे लेकीने टीव्हीवर पाहिले होते. आपल्याकडे त्याच्याजवळ पाण्यात कोण उतरते, हे तिला विचारायचे होते.

बंदरात सुक्या मासळीचा वास आणि दाटीने लागलेल्या होड्या. जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका खारवा काकांशी बोलणे निघाले. व्हेल शार्क हा मुशीच्या जातीचा, जगातला सर्वांत मोठा मासा. 12 मीटरचा मासा म्हणजे आपली एसटी गाडीच! खातो मात्र पाण्यातले बारीक जीव. पूर्वी इथे त्याला ‘बॅरल’ म्हणत, कारण शिकारीत गळाला पिंपे बांधून त्याला दमवीत. यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावीत, मांस परदेशी जाई. 2001 साली कायद्याने शिकार बंद झाली. 2004 साली बचाव मोहीम निघाली. हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, असे मोरारी बापूंनी सांगितले आणि ते लोकांच्या मनाला लागले. कथा-प्रवचनांच्या वाटेला आम्ही जात नाही, पण हा शब्द कामी आला हे खरे.

तेव्हापासून कोळ्यांनी 900 हून अधिक मासे जाळे कापून सोडले आहेत. जाळे म्हणजे घरची भाकरी, म्हणून वनखाते भरपाई देते. आम्ही पडलो कारकून. पहिला प्रश्न कागदाचा. काका म्हणाले, “आधी साहेब येऊन पाहीपर्यंत मासा अडकून राहायचा, तडफडायचा. मग आम्हालाच कॅमेरे दिले. आता फोटो काढायचा नि लगेच सोडायचा.”

“काका, तुम्ही पाण्यात उतरता? भीती नाही वाटत?” लेकीने विचारले.

“शेपटीची वाटते, बेटा. तिच्यापासून लांब राहायचं. अंग काचपेपरसारखं खरखरीत. सुटला तरी पळत नाही. ती ठिपक्यांची पाठ सावकाश खाली जाते. आपण बघतच राहतो.”

“आणि जाळे?” सौ.नी विचारले.

काकांनी हातातली सुई वर करून दाखवली आणि पुन्हा कामाला लागले.